तेलाच्या हिशेबातले देवमासे

निळ्या देवमाशाबद्दल जिथे जे काही लिहून ठेवलेलं सापडेल ते सगळं एकत्र मांडायचं, असं ट्रेव्हर ब्रँच या संशोधकाने आणि त्याच्या अनेक सहकाऱ्यांनी ठरवलं. २००७ साली तो अभ्यास छापून आला. क्षेत्र होतं दक्षिण गोलार्धातले सगळे समुद्र आणि हिंदी महासागराचा उत्तरेकडचा भाग. जमा झालेल्या ढिगात मारलेल्या देवमाशांच्या नोंदी निघाल्या ३,०३,२३९. जिवंत दिसल्याच्या नोंदी ४,३८३, आणि त्यात मिळून किमान ८,०५८ प्राणी. पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या सर्वांत मोठ्या प्राण्याशी माणसाची ओळख कशी झाली हे या दोन आकड्यांत आलं. पाहिलेल्या एकामागे मारलेले सदतीस!

पण मला खरं थक्क करतो तो त्याच अभ्यासातला तिसरा आकडा: ७४,८०,४५० किलोमीटर. निळा देवमासा दिसतो का हे पाहण्यासाठी वेगवेगळ्या जहाजांनी आणि विमानांनी कापलेलं हे अंतर. चंद्रावर जाऊन परत यायच्या नऊ फेऱ्या होतील एवढं. शिवाय १४,६७६ दिवस असे, की ज्या दिवशी कुणीतरी समुद्रावर नजर लावून होतं, पण किती अंतर कापलं ते मोजलेलं नव्हतं. संशोधकांनी हे सगळं का गोळा केलं? कारण ‘इथे दिसला’ या नोंदीला ‘इथे किती शोधलं’ याची जोड नसेल तर ती जवळपास निरुपयोगी असते. दादरच्या पुलावर उभं राहून माणसं मोजली आणि आरेच्या जंगलात कुणी मोजायलाच गेलं नाही, तर मुंबईची सगळी वस्ती दादरच्या पुलावरच राहते असा निष्कर्ष निघेल. जुन्या सागरी नोंदींचं तसंच आहे. नकाशावर ठिपके दाट दिसतात ते देवमासे दाट होते म्हणून, की जहाजं दाट होती म्हणून, हे आधी सोडवावं लागतं.

ते सोडवल्यावर चित्र पालटलं. दर हजार किलोमीटरमागे किती कळप दिसले, असा दर काढला तेव्हा जागोजागच्या दरांत दहा हजार पटींपर्यंत फरक निघाला. सर्वांत जास्त दर इंडोनेशिया, श्रीलंका, चिली, नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया आणि मादागास्करच्या दक्षिणेला. सर्वांत कमी दर असलेल्या जागांमध्ये अंटार्क्टिका आणि साउथ जॉर्जिया बेट. म्हणजे जिथे शिकारीच्या नोंदींचे ठिपके एकमेकांवर चढलेले, नेमका तिथला समुद्र तेव्हा जवळजवळ रिकामा.

*

या मारलेल्यांच्या नोंदी इतक्या नीटनेटक्या कशा, हा प्रश्न पडतोच. नॉर्वेतल्या सांडेफियोर्ड गावात १९३० साली आंतरराष्ट्रीय शिकार-आकडेवारीचं एक कार्यालय सुरू झालं. अंटार्क्टिकात जाणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक देवमाशाची एक ओळ तिथे पाठवायची: तारीख, जात, नर की मादी, लांबी, जहाजाचं ठिकाण, आणि मादी गाभण असेल तर पोटातल्या पिल्लाचीही लांबी. प्राणिशास्त्राच्या प्रेमापोटी हे कुणी करत नव्हतं. तेलाचे भाव, देशादेशांतल्या वाटण्या, बोटीवरच्या माणसांचे बोनस, सगळं या ओळींवर ठरायचं. पुढे तर कोटा मोजायचं मापच ‘निळा देवमासा’ झालं. एक निळा म्हणजे फिन जातीचे दोन, किंवा हंपबॅक जातीचे अडीच, किंवा सेई जातीचे सहा देवमासे. अडीच हंपबॅक! बाजार समितीत तोलाई करणाऱ्यालाही हसू आवरणार नाही. पण या मापाने एक भयंकर गोष्ट केली. समोर दोन जाती दिसल्या तर मोठ्याच्या मागे जायचं, हे हिशेबातच बसवून टाकलं. आणि हे माप येण्याआधीच, १९३०-३१ च्या एकाच हंगामात, २९,००० हून जास्त निळे देवमासे मारले गेले होते.

या ओळी वाचताना बारकावे ठाऊक असावे लागतात. शिकार करायच्या छोट्या वेगवान बोटी, आणि चरबी सोलून शिजवायचं प्रचंड कारखाना-जहाज वेगळं. बऱ्याच नोंदींत जे अक्षांश-रेखांश लिहिलेत ते देवमाशाचे नसून कारखाना-जहाज त्या दिवशी दुपारी बारा वाजता जिथे होतं तिथले आहेत. देवमासा तिथून कितीतरी मैल लांब मारून, फुगवून, ओढत आणलेला असायचा. तारीख बरोबर, जात बरोबर, जागा मात्र अंदाजे. एका प्राण्यासाठी ही चूक मोठी, पण नोंदी लाखांत गेल्या की नकाशाचा आकार तरीही उमटतो.

लांबीच्या रकान्यातून तर आणखी एक गुपित बाहेर आलं. दक्षिणेकडच्या समुद्रांत निळ्या देवमाशाच्या दोन उपजाती राहतात. अंटार्क्टिकातला खरा महाकाय, आणि त्याच्याहून बराच आखूड असलेला, ज्याला ‘पिग्मी’ म्हणतात. अर्थात हा ‘बुटकाही’ चोवीस मीटरपर्यंत वाढतो. समुद्रात लांबून दोघांना वेगळं ओळखणं अवघड. पण वयात आलेल्या माद्यांच्या लांब्या ओळीने मांडल्या, की दोन वेगळे ढीग पडतात. मरून पन्नास-साठ वर्षं झालेल्या माद्या अशा आपापल्या उपजातीत परत गेल्या, आणि कळलं की ५२ अंश दक्षिणेच्या खाली मारलेल्यांत पिग्मी जवळजवळ नव्हतेच.

*

शिकारीच्या या वह्यांचा सगळ्यात अचाट उपयोग विल्यम डी ला मेअर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने केला. त्याला देवमासे मोजायचेच नव्हते. त्याला बर्फ मोजायचा होता.

अंटार्क्टिकाभोवती दर हिवाळ्यात समुद्र गोठतो आणि उन्हाळ्यात ही बर्फाची कड दक्षिणेला सरकते. उपग्रह ती कड नियमितपणे पाहू लागले १९७० च्या दशकात. त्याआधीचं काय? डी ला मेअरचा तर्क असा: वितळत्या कडेलगत क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव असतात, क्रिलमागे देवमासे येतात, देवमाशांमागे शिकारी. आणि शिकारी जहाज बर्फात घुसू शकत नाही. मग दर महिन्याला, समुद्राच्या दर पट्ट्यात सर्वांत दक्षिणेकडची शिकार कुठे झाली ते पाहिलं की बर्फ कुठे होता ते सापडेल. १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकात त्याने निष्कर्ष मांडला. १९५० च्या दशकाचा मध्य आणि १९७० च्या दशकाची सुरुवात, या दरम्यान उन्हाळ्यातली बर्फाची कड सरासरी २.८ अंशांनी दक्षिणेला हटली. किलोमीटरमध्ये सांगायचं तर तीनशेहून जास्त. बर्फाने झाकलेल्या क्षेत्रात सुमारे २५ टक्के घट. तेलाच्या पिंपांचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाने, स्वतःला कल्पनाही नसताना, एका खंडाभोवतालच्या बर्फाची डायरी लिहून ठेवली होती.

अर्थातच लोक तुटून पडले, आणि पडायलाच हवं होतं. आक्षेप चांगले होते. मधल्या काळात निळे देवमासे संपत आले, मग फिन, मग सेई, मग मिंकी असा शिकारीचा रोख बदलत गेला, आणि या सगळ्या जाती कडेला सारख्याच चिकटून राहत नाहीत. शिवाय जहाजावरच्या माणसाला जी ‘कड’ दिसते, ती आणि उपग्रहाला दिसणारी कड एक नव्हे. उन्हाळ्यात विरळ, भिजलेला, फुटका बर्फ जहाजाला अडवतो, पण उपग्रहाच्या नजरेतून निसटतो. २००३ मध्ये स्टीफन अ‍ॅकली आणि सहकाऱ्यांनी हे सविस्तर मांडलं. डी ला मेअरने २००९ मध्ये जहाजांवरून प्रत्यक्ष बर्फ पाहिल्याच्या जुन्या नोंदी जोडून पुन्हा गणित केलं आणि घट झाली होती या म्हणण्यावर तो ठाम राहिला. पुढे २०१६ मध्ये रेडिंग विद्यापीठातल्या दोघांनी स्कॉट, शॅकल्टन यांच्या काळातल्या, म्हणजे १८९७ ते १९१७ मधल्या मोहिमांची लॉगबुकं चाळली. त्यांना दिसलं की तेव्हाचा उन्हाळी बर्फ आजच्यापेक्षा फार तर १४ टक्क्यांनी जास्त असेल. दोन्ही खरं धरलं तर अर्थ असा की हा बर्फ एकाच दिशेने घटत आलेला नाही, मध्ये केव्हातरी वाढून पुन्हा आक्रसलेला आहे. माझ्या मते हा वाद मिटण्यापेक्षा तो चालू राहण्यात जास्त मजा आहे. उपग्रहाच्या आधीच्या अंटार्क्टिकाबद्दल वाद घालता येतो, हेच मुळात त्या ओळींमुळे.

*

उत्तर ध्रुवाकडची गोष्ट जुनी आणि कागद वेगळे. १८४८ साली ‘सुपीरियर’ जहाजाचा कप्तान थॉमस रॉइस बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वर शिरला आणि बोहेड देवमाशांच्या अस्पर्श समुद्रात जाऊन पोचला. ही जाडजूड चरबीची, बर्फातच जन्म काढणारी जात. बातमी फुटल्यावर न्यू इंग्लंडची जहाजं रांगेने आली. त्यांच्या लॉगबुकांत रोजचा वारा, ठिकाण, बर्फ, आणि समासात लाकडी शिक्क्याने उमटवलेला देवमासा. पकडला तर अख्खा देवमासा, त्याच्या पोटात किती पिंपं तेल निघालं तो आकडा. निसटला तर नुसती शेपटी. या नुसत्या शेपट्याच शास्त्रज्ञांना फार मोलाच्या वाटतात, कारण पकडलेल्याचा हिशेब कुठेही मिळतो, हातून सुटलेल्याचा कोण ठेवतो?

चार्ल्स टाउनसेंडने १९३५ मध्ये अशी १७६१ ते १९२० पर्यंतची लॉगबुकं काढून ५३,८७७ देवमासे नकाशावर ठिपक्यांनी मांडले, महिन्याप्रमाणे वेगवेगळ्या रंगांत. जॉन बॉकस्टोस आणि डॅनियल बॉटकिन यांनी पुढे पश्चिम आर्क्टिकपुरतं हे काम कितीतरी खोलात जाऊन केलं आणि १८४८ ते १९१४ या काळात तिथे सुमारे १८,६५० बोहेड मारले गेले असा अंदाज काढला. किती उरले असतील, हा पुढचा प्रश्न.

या प्रश्नावर १९७७ मध्ये मोठं भांडण पेटलं. अलास्काच्या उत्तर टोकाला, पॉइंट बॅरोजवळ बर्फाच्या उंचवट्यावर बसून शास्त्रज्ञांनी वसंतात जाणारे बोहेड मोजले होते. अंदाज आला दोन हजारांहून कमी. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने तिथल्या मूळ रहिवासी इनुपियात लोकांची पिढ्यान् पिढ्यांची शिकार बंद केली. इनुपियात शिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: तुम्ही मोकळ्या पाण्याच्या फटीत बघता, देवमासे बर्फाखालूनही जातात. पाठीने बर्फ फोडून श्वास घेतात. किनाऱ्यापासून फार लांबून जातात. धुकं पडलं की तुम्ही मोजणं थांबवता, ते पोहणं थांबवत नाहीत.

हे बोलणं ऐकून घ्यायला टॉम अल्बर्ट नावाचे पशुवैद्यक तयार होते, आणि सांगायला हॅरी ब्रोअर हे जाणते शिकारी. १९८४ पासून बर्फाखाली हायड्रोफोन सोडून देवमाशांचे आवाज टिपले जाऊ लागले. शिकारी म्हणत होते त्या जागांवरून आवाज आले. डोळ्यांनी मोजलेले आणि कानांनी मोजलेले जुळवून अंदाज नव्याने काढले गेले. २००१ चा अंदाज दहा हजारांच्या वर, २०११ चा सतरा हजारांच्या जवळ. यातली काही वाढ खरोखर संख्या वाढल्याची आहे, पण सुरुवातीचा तो आकडा केविलवाणा होता तो मुख्यतः न दिसलेल्यांमुळे. दरम्यान या देवमाशांच्या अंगात दगडी भाल्याची टोकंही सापडली, आणि २००७ मध्ये एकात तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू बेडफर्डला बनलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा. डोळ्याच्या भिंगावरून वय काढलं तर एकाचं दोनशेच्या वर भरलं. म्हणजे ‘सुपीरियर’ सामुद्रधुनीतून आलं तेव्हा यातले काही जण तिथेच पोहत असणार.

*

आता वह्यांमधल्या खोटेपणाकडे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंड आणि पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हंपबॅक अचानक येईनासे झाले. तिथले शिकारीचे तळ बंद पडले. अधिकृत आकडे घेऊन गणित मांडलं तर एवढी पडझड बसेना. एवढे मारले गेलेत असं कागद म्हणतच नव्हते.

१९९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव यांनी उघडपणे सांगितलं की सोव्हिएत ताफ्यांनी वर्षानुवर्षं खोटे आकडे पाठवले. दक्षिण गोलार्धात त्यांनी मारलेले हंपबॅक कागदावर होते २,७१०. खरे निघाले ४८,७०२. त्यातले सुमारे २५,००० नुसत्या १९५९-६० आणि १९६०-६१ या दोन हंगामांत. राइट देवमासे, ज्यांना मारायला पूर्ण बंदी होती, ते कागदावर चार आणि प्रत्यक्षात तीन हजारांहून जास्त. यात लोभाचा भाग असेल, पण बराचसा भाग पंचवार्षिक योजनेच्या उद्दिष्टांचा होता. वजनाचा आकडा गाठायचा, मग मांस सडलं तरी चालेल.

आणि हे सगळं उघड कसं झालं? कारखाना-जहाजांवर जीवशास्त्रज्ञ असायचे आणि ते आपल्यापुरत्या खऱ्या नोंदी ठेवायचे. ‘युरी दोल्गोरुकी’ जहाजावर काम केलेल्या द्मित्री तोर्मोसोव यांनी असे गठ्ठे नष्ट होऊ न देता आपल्या घरच्या, बटाटे साठवायच्या तळघरात नेऊन ठेवले. वरिष्ठांना कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून बघा. आज जगभरच्या तक्त्यांत दक्षिणेकडच्या देवमाशांचे जे दुरुस्त आकडे आहेत, त्यांत या तळघराचा वाटा मोठा आहे. युलिया इवाश्चेंको आणि फिल क्लॅपम यांनी नंतर हे सगळे अहवाल जुळवून सोव्हिएत शिकारीचा खरा हिशेब बांधला. विसाव्या शतकात जगात मिळून सुमारे २९ लाख मोठे देवमासे मारले गेले, त्यातले वीस लाखांहून जास्त दक्षिण गोलार्धात, हा आज सांगितला जाणारा आकडा त्या दुरुस्तीनंतरचा आहे.

याच खऱ्या वह्यांतली काही पानं आपल्या दारातली आहेत. ओडेसाहून निघालेले ताफे सुएझमार्गे अंटार्क्टिकाकडे जाताना अरबी समुद्रातही हात मारून घेत. नोव्हेंबर १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ त्यांनी २३८ हंपबॅक मारले. जहाजावरचे शास्त्रज्ञ युरी मिखालेव यांनी १९९७ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली, आणि तिथे पुन्हा तोच रकाना उपयोगी पडला: पोटातल्या पिल्लाची लांबी. हे हंपबॅक अंटार्क्टिकाहून हवापालट करायला आलेले असते, तर त्यांच्या विणीचा काळ दक्षिण गोलार्धाचा असता. पिल्लांच्या लांब्या जुळल्या उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाशी. शिवाय त्यांची पोटं भरलेली होती. म्हणजे हे इथेच खातात, इथेच वितात आणि ध्रुवाकडे जातच नाहीत. मोठे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे जातात हा नियम या एका कळपाने मोडलेला आहे. पुढे जनुकांच्या अभ्यासाने सांगितलं की ते दक्षिणेकडच्या हंपबॅकांपासून सुमारे ७०,००० वर्षं वेगळे राहिले आहेत. ओमानच्या समुद्रातला त्यांचा अंदाज शंभराच्याही आतला. त्यातली लुबान नावाची, उपग्रहाचा टॅग लावलेली एक मादी २०१७ च्या अखेरीस समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत आली होती.

*

अंटार्क्टिकाच्या निळ्या देवमाशांचं पुढे काय झालं, हेही जोडलेल्या नोंदींनीच सांगितलं. एकीकडे शिकारीची यादी, दुसरीकडे १९७८ पासून पंचवीस-एक वर्षांत अंटार्क्टिकाला तीन वेळा प्रदक्षिणा घालून केलेली पाहणी. दोन्ही एका गणितात घालून ब्रँच आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उत्तर काढलं: १९०५ च्या सुमारास २,३९,००० असलेले हे देवमासे १९७३ पर्यंत ३६० वर आले होते. त्यानंतर वर्षाला सुमारे सात टक्क्यांनी वाढत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन हजारांच्या आसपास.

साउथ जॉर्जियात मात्र सगळं शांतच होतं. १९०४ मध्ये कार्ल अँटोन लार्सनने ग्रिटविकेन इथे शिकारीचा तळ उघडला तेव्हा शिकारी बोटींना खाडीबाहेर फार लांब जावंही लागत नव्हतं. १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत खास पाहणीला गेलेल्या जहाजांना तिथे निळा देवमासा दिसला तो एकदाच. काहींना वाटायचं, त्या जागेची आठवण असलेला कळपच नाहीसा झाला, त्यामुळे वाट दाखवायला कुणी उरलं नाही. क्रिल असून खाणारे नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पथकाने २३ दिवसांत पन्नासहून जास्त निळे देवमासे नोंदले. सुझॅना कॅल्डरन आणि सहकाऱ्यांनी मग तीस वर्षांतल्या इथल्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या. पाहणी-जहाजांच्या, पर्यटक-बोटींवरून कळवलेल्या, पाण्याखालच्या आवाजांच्या, फोटोंच्या. निळ्या देवमाशाच्या कातडीवरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे फोटोवरून एकेक जण ओळखता येतो. २०११ ते २०२० दरम्यान साउथ जॉर्जियात असे ४१ जण ओळखले गेले. अंटार्क्टिकाच्या इतर भागांतल्या निळ्या देवमाशांच्या यादीत तेव्हा पाचशेहून अधिक जण होते. त्या यादीशी या ४१ जणांपैकी एकाचाही फोटो जुळला नाही.

ते कुठून आले, हे त्यामुळे अजून ठरलेलं नाही. त्यासाठी त्या समुद्रात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाचा, मग तो पर्यटक का असेना, फोटो लागणार आहे. आणि त्यासोबत तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश.